वरच्या काकांची काळी नाणी

जगात माझ्याहून घाबरट माणूस मी एकच बघितला, आमचे वरच्या मजल्यावरचे काका. मी लग्न होऊन ओमानमधल्या सलालाहला आले तेव्हा मला गॅसची भीती, एसीच्या आवाजाची भीती, अरबी बोलणाऱ्या दुकानदाराची भीती, आणि चिमी झाल्यावर तर ती शिंकली तरी माझा जीव वर. पण काका माझ्याही वरताण. बंदरात मोठे इंजिनियर, एवढाल्या क्रेनवाली माणसं हाताखाली, आणि घाबरायचे कशाला, तर चिंचेला!

कारण त्यांची नाणी. पोर्तुगीज राजांची, तांब्याची, पाचशे वर्षांपूर्वीची, मस्कतच्या जुन्या बाजारातून एकेक करून आणलेली. एका बाजूला समुद्रातला किल्ला, दुसऱ्या बाजूला ढाल. मला मेली सगळी सारखीच काळी दिसायची, माझी शाळा सातवीतच सुटली, मला काय कळणार. तसं म्हटलं की काका उसळायचे. "सारखी? अगं पोरी, डोळे आहेत का बटणं? ह्याचा मधला बुरूज टोकदार, ह्याचा चपटा. ह्याच्या लाटा वळणाच्या, ह्याच्या नुसत्या रेघा. प्रत्येक ठसा वेगळ्या हाताचा!" आणि तो काळा थर म्हणजे नाण्याची कातडी म्हणे, चिंच लागली की कातडी सोलून निघते, बारीक रेघा जातात, नाणं खलास. म्हणून आमच्या दारात आले की आधी वास घ्यायचे. "आमटी केलीस ना? मग लांबूनच बघ." चिमी रांगत आली की नाण्यांचा ट्रे डोक्यावर धरून उभे, हमालासारखे. एकदा साफसफाईवाल्याने त्यांच्या टेबलावर ओलं फडकं फिरवलं तर असे ओरडले की खाली माझ्या हातातलं दूध सांडलं.

काकू पुण्याला. मुलांच्या शाळा, मग सासूबाईंचं अंथरूण, त्यात त्यांचं इथे येणं राहूनच गेलेलं. सासूबाई गेल्या तेव्हा कुठे व्हिजिट व्हिसावर पहिल्यांदा आल्या. जिन्यात मला म्हणाल्या, "काय गं, इस्त्री लाँड्रीत, डबा मेसमधून, कपाटं लावलेली. माझी गरजच नाही ह्यांना. मी आपली पाहुणी. चार दिवस बसते आणि जाते, परत काही येत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी वरून हाक, "ये गं, गंमत दाखवते." चिमीला कडेवर घेऊन गेले, तर टेबलावर पेपर पसरलेला आणि त्यावर नाणी, लाल लाल, देवघरातल्या ताम्हनासारखी लख्ख! काकू पदराला हात पुसत म्हणाल्या, "सकाळपासून चिंच-मीठ लावून घासतेय. किती कळकट झालेली! लक्षच नाही माणसाचं." मला घेरी यायची बाकी. पळावं म्हटलं तर जिन्यात बूट वाजले, काका जेवायला आले. आता हे ओरडणार, ही बाई बॅग भरणार, आणि ह्या दोघांचं कायमचं तुटणार. मी चिमीचे कान झाकून उभी.

काकांनी टेबल बघितलं. तोंड पांढरंफटक पडलं. काकू म्हणाल्या, "आवडलं का?" काका खुर्चीत बसले, भिंग काढलं, एक नाणं उचललं. उलटं केलं, सुलटं केलं, मी मनात सगळे देव आठवले. मग म्हणाले, "अगं, ह्या किल्ल्याला दरवाजा आहे! इतकी वर्षं मला दिसलाच नाही. ये, बघ इथे."

काकू वाकल्या. "हा काय?"

"तो बुरूज. खाली बघ."

"मला नाही दिसत बाई."

"अशी जवळ ये, दिसेल."

मी हळूच खाली आले. दरवाजा खरंच होता का, देव जाणे.

व्हिसा संपला, काकू गेल्या. खरीफ लागला, म्हणजे इथला धुक्याचा मोसम, गाद्यासुद्धा दमट होतात. एका शुक्रवारी काका खाली आले, चेहरा घरात आजारी माणूस असल्यासारखा. "नाणी काळी पडायला लागली परत."

मी म्हटलं, "बरंच झालं की काका, तुम्हाला हवी तशी."

"हो, तसं बरंच," म्हणाले, आणि दारातच उभे.

"काकूंना फोन करा ना. बोलवा परत."

"करतो की. पण काय बोलू?"

"हेच सांगा की, नाणी काळी पडलीत म्हणून." बसा म्हटलं, चिमीला त्यांच्या मांडीवर दिलं आणि चहा टाकला.