कोकराशी बोललेली भाषा

दोन हजार सालानंतरची गोष्ट. माझा मोठा भाऊ बेलारूसला डॉक्टरकी शिकत होता. एका हिवाळ्यात सुट्टीला येताना तो वर्गातल्या तिथल्याच एका मुलीला आमचं गाव दाखवायला घेऊन आला. आमच्या जवळच्या गोरेगावहून येणाऱ्या जीपमधून ती उतरली आणि आमच्या घरात लग्नघरासारखी धांदल उडाली. मी हिंगोलीला कॉलेजात होते, पण तेव्हा कॉलेज कुणाला सुचतंय.

भाऊ तिच्याशी रशियन बोलायचा आणि आम्हाला मराठीत सांगायचा. संध्याकाळी मेंढरं घरी आली, तशी आईनं एक नवं जन्मलेलं कोकरू तिच्या हातात दिलं. ते छातीशी धरून ती त्याच्याशी हळूहळू बोलू लागली.

"काय म्हणून राहिली रे ती?" आईनं विचारलं.

"मलाबी धड कळंना," भाऊ म्हणाला. "हे रशियन न्हाई."

ती लाजली आणि भावाला रशियनमधून सांगू लागली. ही बेलारूसी, तिच्या आजीची भाषा. रशियन आणि युक्रेनियनची बहीणच, पण शहरात जो तो रशियन बोलतो. बेलारूसी खेड्यापाड्यांत जास्त ऐकू येते, आणि सीमेपलीकडे पोलंड, लिथुआनियातल्या काही गावांतही. शहरात बोललं की लोक गावंढळ समजतात, म्हणून ती तोंडातून काढत नव्हती.

आईला हे लगेच पटलं. "आपलंबी तसंच हाय. ही पोरगी हिंगोलीत गेली की 'न्हाई'चं 'नाही' करतीय."

मेंढीला काय म्हणतात, मी विचारलं. "अवेच्का." मी जागची उठलेच. शाळेत संस्कृतात मेंढीला 'अवि' शिकले होते. मग आकडे विचारले. द्वा, त्री, चातीरी. मी द्वे, त्रीणि, चत्वारि म्हणत गेले आणि ती टाळ्या पिटत राहिली. हजारो कोसांवरची भाषा आमच्या मेंढरांत उभी राहून ओळख देत होती.

ती आठवडाभर राहिली. आईशी ती बेलारूसीच बोलायची, आई आपली भाषा बोलायची. चुलीपाशी दोघींच्या गप्पा रंगायच्या. बटाट्याला 'बुल्बा' म्हणतात, हे आईनंच आम्हाला सांगितलं.

भाऊ मध्ये बोलायला गेला, तर आई म्हणाली, "तू ऱ्हाऊ दे. आमचं बराबर चाललंय."