मामाचा अर्धा फेरा

माझ्या मामाला अख्खी संस्था मामाच म्हणायची. झाडूवाल्या मावशी म्हणायच्या, कँटीनवाला म्हणायचा, संचालकसुद्धा म्हणायचे. मला लहानपणी त्याचा भयंकर राग यायचा. मामा माझा, आईचा सख्खा धाकटा भाऊ. ह्यांचा कुठून आला? मोठी होऊन मीच त्या संस्थेत नोकरीला लागले तेव्हा कळलं, की ज्याला सगळे मामा म्हणतात त्याला कामाला लावायला कुणाला काही वाटत नाही.

मामा तळघरात यंत्रावर होता. यंत्र म्हणजे कणांना वेग देऊन त्यांचा झोत सोडणारं धूड. अणूच्या गाभ्यात काय आहे ते बघायला भौतिकवाल्यांनी ते बांधलं. पुढे त्यांचा त्यातला रस आटला आणि आठवड्यातले तीन दिवस जीवशास्त्रवाल्यांना मिळाले. ते काचेच्या चपट्या डिशमध्ये जिवंत पेशी घेऊन यायचे, झोतासमोर ठेवायचे, आणि मग किती मेल्या, किती सावरल्या ते मोजत बसायचे. हात हात जाड भिंतींच्या खोलीत यंत्र आणि बाहेर पॅनेलपाशी मामा. डिप्लोमा करून तेविसाव्या वर्षी तिथे चिकटला तो चिकटलाच. मामी म्हणायची, "ह्यांची थोरली बायको तळघरात राहते, मी आपली धाकटी." मामा हसायचा, पण कधी नाही म्हणायचा नाही.

यंत्राची एक खोड होती. चुंबक तापले की झोत एका अंगाला कलायचा. मामाने डिशच्या जागी फोटोची फिल्म लावून पाहिली, तर डावी बाजू काळी मिट्ट आणि उजवी फिकट. विभागाच्या साहेबांना नेऊन दाखवली, तेव्हाही साहेब हेच होते. साहेब म्हणाले, "यंत्र ठीक आहे. तू बटणं दाब." त्याने लेखी अर्ज दिला, त्याला उत्तर आलं नाही. दुसरा कुणी असता तर हात झटकून मोकळा झाला असता. माझा मामा कसला झटकतोय! त्याने स्वतःच एक तोड काढली. एका डिशचा निम्मा रन झाला की झोत अडवणारं शटर पाडायचं, आत जायचं, डिश अर्धा फेरा फिरवायची, बाहेर यायचं, पुन्हा सुरू. म्हणजे डावीकडच्या पेशींना जास्त मिळालं असेल ते उरलेल्या वेळात उजवीकडच्यांना मिळणार. अर्ध्या-पाऊण मिनिटाचं काम. बावीस वर्षं त्याने ते केलं, आणि एका माणसाला सांगितलं नाही.

सांगणार कसं? नियम होता की एकदा झोत सुरू झाला की मध्ये दार उघडायचं नाही, उघडलं तर ती डिश फेकून द्यायची. नियम कुणी केला, कशासाठी केला, कुणाला ठाऊक नव्हतं. लॉगबुकात एक रकाना होता, 'मध्ये खंड पडला का?' त्यात मामाने मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'नाही'. त्याच्याखाली 'नाही'. त्याच्याखाली 'नाही'. बावीस वर्षांच्या वह्या.

आता माझं पाप सांगते. यंत्राचा जुना कंट्रोल काढून कॉम्प्युटर बसवायचं ठरलं, आणि त्या प्रोग्रॅमचं स्पेसिफिकेशन लिहायचं काम माझ्याकडे आलं. माझा धंदाच तो. प्रोग्रॅमने काय करायचं आणि काय कध्धीच करायचं नाही हे गणिताच्या भाषेत मांडायचं आणि मग सिद्ध करायचं, की काहीही झालं तरी तो ह्याबाहेर जाणार नाही. आम्हा लोकांना ह्याचा फार माज असतो. मलाही होता. तर त्यासाठी चालवणाऱ्या माणसाला शंभर प्रश्न विचारावे लागतात. मी मामाला विचारले, आणि कुठे विचारले, तर साहेबांच्या केबिनमध्ये, साहेब समोर बसलेले असताना!

"रन चालू असताना दार कधी उघडावं लागतं का?"

"छे," मामा म्हणाला.

मी लिहून घेतलं. घरी ओट्यापाशी चहा पिताना विचारलं असतं तर त्याने सगळं ओकलं असतं. पण मला तेव्हा साहेबांपुढे दाखवायचं होतं, की नात्यागोत्याचं मी कामात आणत नाही. अक्कल कुठे गहाण पडली होती देव जाणे. आठ महिने खपून मी सिद्ध केलं, की रन चालू असताना ते दार कोणत्याही परिस्थितीत उघडणार नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मामाने टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून डिश फिरायची थांबली.

ह्यात भरडल्या गेल्या त्या पेशीवाल्या बाई. खरं तर मोठ्या डॉक्टर होत्या, पण मामा त्यांना पेशीवाल्या बाई म्हणायचा आणि त्यांना ते आवडायचं. पेशींना आधी झोताचा हलका मार दिला तर पुढचा जबर मार त्या जास्त चांगला सोसतात, असं त्यांनी दाखवलं होतं. अकरा वर्षांचं काम, सात शोधनिबंध. सगळ्याचा गाभा म्हणजे कागदावरची एक रेघ, अमुक मार दिला की अमुक पेशी वाचतात. नवा कंट्रोल आला आणि ती रेघ येईना. एकाच डिशमध्ये अर्ध्या पेशी खलास आणि अर्ध्या टुणटुणीत. बाई सरळ स्वभावाच्या. लपवायचं सोडून त्यांनी स्वतःच बैठकीत सांगून टाकलं, "माझे जुने आकडे आता येत नाहीत, कारण शोधायला हवं." झालं! कुणीतरी अर्ज ठोकला, की येत नाहीत कारण ते कधी आलेच नव्हते, बाईंनी ते बसून रचले. चौकशी समिती नेमली गेली.

रविवारी दुपारी मामा आमच्याकडे आला. चपला काढून थेट स्वयंपाकघरात आला आणि फळीला पाठ टेकून उभा राहिला. मी भांडी पुसत होते.

"अगं, बाई खोटारड्या नाहीत. मी फिरवायचो."

"काय फिरवायचास?"

मग त्याने सगळं सांगितलं. मी फडकं ओट्यावर टाकलं. म्हटलं, "मामा, मी विचारलं तेव्हा का नाही बोललास?"

"साहेब बसले होते ना."

"आणि आता?"

"आता बाईंची अब्रू चालली आहे. माझं काय, चौदा महिने राहिलेत. ओरडतील, काढतील. बोलू का?"

आणि मी, मी शहाणी, म्हणाले, "बोल. खरं आहे ते बोलायलाच पाहिजे." त्याचा चेहरा असा मोकळा झाला! जाताना जेवूनही गेला.

समितीत पाच जण होते, साहेब एका कोपऱ्यात, आणि नव्या कंट्रोलची माहिती द्यायला मलाही बोलावलेलं. मामा इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिला आणि न अडखळता सगळं बोलला. फिल्म, अर्ज, फेरा. बाई भिंतीकडेच्या खुर्चीत होत्या. त्यांनी तोंडावर हात धरला. अकरा वर्षं आपले आकडे कुणाच्या हातून निघत होते हे त्यांना त्या क्षणी कळलं. त्या रडत होत्या, पण सुटकेनं रडत होत्या, मी पाहिलं.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "पण लॉगबुकात तर सगळीकडे 'नाही' लिहिलंय. अक्षर तुमचंच ना?"

"हो साहेब. मी खोटं लिहायचो. 'हो' लिहिलं असतं तर डिश फेकावी लागली असती."

"प्रत्येक वेळी फिरवायचात?"

"बाईंच्या प्रत्येक डिशला."

"पुरावा?"

"आत्ता चला की खाली! फिरवून दाखवतो, रेघ येते का नाही बघा!"

तेव्हा कोपऱ्यातून साहेब म्हणाले, "आता मध्ये दार उघडत नाही, रन तोडला तर कॉम्प्युटर ती डिश बादच करतो." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बदलायला किती वेळ लागेल? नियम बदलला की सगळं पुन्हा सिद्ध करावं लागतं. आठ महिने, मी म्हणाले. समितीला तीन आठवड्यांत निकाल द्यायचा होता.

मग अध्यक्षांनी मला विचारलं, अगदी गोड आवाजात. "तुम्ही तर तर्काच्या जाणकार. ह्यांचं बोलणं खरं धरलं, तर ह्या नोंदींबद्दल काय म्हणता येईल?"

मी उत्तर दिलं. कुणी विचारलं की अचूक उत्तर द्यायचं, एवढंच मला शिकवलेलं. म्हणाले, "मग नोंदी खोट्या ठरतात. आणि त्यातली कुठली खरी, कुठली खोटी, हे सांगायला मार्ग नाही."

"म्हणजे ह्या नोंदींवर उभं केलेलं काहीच सिद्ध होत नाही?"

"नाही," मी म्हणाले.

मामा माझ्याकडे बघत होता, भाचीला एवढं कळतं ह्याचं कौतुक त्याच्या डोळ्यांत मावत नव्हतं. बाईंना मात्र कळलं. त्यांनी हात खाली घेतला आणि पर्स उचलून मांडीवर ठेवली. मला उमगायला जिना उतरावा लागला. मामा खोटं बोलतोय म्हटलं तर बाईंनी आकडे रचले. मामा खरं बोलतोय म्हटलं तर बाईंचे आकडे खोट्या वहीतले. तो गप्प राहिला असता तर निदान संशयाचा फायदा तरी मिळाला असता, वह्या तरी स्वच्छ राहिल्या असत्या. दोन्ही दारं आम्ही मामा-भाचीने मिळून बंद केली, आणि मी ती गणिताने केली.

सातही निबंध मागे घेतले गेले. मामाला पत्र मिळालं, 'आपल्या प्रामाणिकपणाची समिती दखल घेत आहे', आणि निवृत्तीपर्यंत स्टोअरमध्ये बदली. तिथे तो नटबोल्ट मोजायचा आणि आल्यागेल्याला ते पत्र दाखवायचा. बाईंना कुणी काढलं नाही. त्यांच्या नेमणुकीची मुदत संपली ती कुणी वाढवली नाही, बस. साहेबांना कुणी एका शब्दाने विचारलं नाही, की बाबा रे, झोत तिरका आहे हा अर्ज आला होता त्याचं काय झालं?

दोन वर्षांनी झोतापुढे एक छोटी चकती बसवली, रनभर डिश आपोआप फिरवत ठेवणारी. कल्पना साहेबांची, असं कागदावर आहे. तिचं स्पेसिफिकेशन मीच लिहिलं, नोकरी आहे, लिहावं लागतं. नव्या मंडळींनी पेशी ठेवल्या आणि पहिल्याच महिन्यात रेघ आली. बाईंचीच रेघ, इंचभर इकडेतिकडे नाही. निबंध छापून आला. 'प्रथमच दिसून आले आहे' असं त्यात लिहिलंय. मी जाऊन भांडले. ते म्हणाले, मागे घेतलेल्या कामाचा उल्लेख करता येत नाही, नियम आहे. त्या नियमांच्या तोंडात मारावी असं वाटलं, पण नियम मीच लिहिते.

निबंधाची प्रत घेऊन मी बाईंना शोधत गेले. एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये बसतात, बाजाराच्या गल्लीत, औषधाच्या दुकानावर. हातमोजे काढून त्यांनी पानं उलटली आणि रेघेपाशी थांबल्या. मग म्हणाल्या, "आली."

"बाई, मला माफ करा."

"तुमचं उत्तर चूक नव्हतं. मीही तेच दिलं असतं." त्यांनी प्रत माझ्या हातात परत दिली. "हे मामांना दाखवू नका. बोललो नसतो तर बरं झालं असतं, असं त्यांच्या मनात येईल. येऊ देऊ नका."

बाहेर दोन माणसं रिपोर्टसाठी ताटकळली होती. त्यांनी नवे हातमोजे चढवले आणि पुढच्याला आत बोलावलं.

संध्याकाळी मामाकडे गेले. बाईंना भेटून येते, असं मामीला फोनवर सांगून बसले होते. तो खुर्चीत बसून घड्याळाचा पट्टा दुरुस्त करत होता. मामीने मी आल्याचं सांगितलं तसा उठलाच.

"बाई भेटल्या म्हणे तुला? कशा आहेत?"

"मजेत आहेत. मोठ्या लॅबमध्ये आहेत."

"बघ! म्हणजे खरं बोललो त्याचा उपयोग झाला ना?"

"झाला रे मामा," मी म्हणाले.