रॉडच्या मशीनवर तार

शेडमधल्या ठिणग्या संध्याकाळी झाडून काढता येतात, किस्से मात्र साचतच जातात. निडी स्टेशनजवळच्या आमच्या वेल्डिंग शेडमध्ये माणसं दोनच, मी आणि वेल्डर मन्सूरभाई. मालक, म्हणजे आमचे हे, गल्फला. तरी किस्से आहेतच!

*

मागच्या सुट्टीत हे जड सुटकेस घेऊन आले. शेजारच्या कुंदाताई धावत आल्या. "बघू तरी गो, काय आणलंय तुला!"

उघडली तर आत तारेचं रीळ, चाकं, वायरी. वायर फीडर! सारखे रॉड बदलायला नकोत, तार आपोआप पुढे येते.

"साधी अत्तराची बाटली पण नाय?" कुंदाताई म्हणाल्या.

हे गेले, सुटकेस राहिली.

*

आमचं मशीन जुनं, रॉडचं. ते करंट एकसारखा ठेवतं. तारेला व्होल्टेज एकसारखं लागतं. पहिल्या दिवशी तार कधी टोकाशीच जळून चिकटे, कधी पत्र्यावर आपटे. मी यांना फोन लावला.

"तू बोलू नको, वेल्डिंगचा आवाज ऐकव."

ऐकून लगेच म्हणाले, "फीडरवरचा स्विच सीसीवर, म्हणजे एकसारख्या करंटवर कर. मग तो रॉडच्या मशीनशी जुळवून घेतो."

केला. आवाज सरळ झाला. "झालं!" म्हणून यांनी फोन ठेवलासुद्धा. किती दिवसांनी बोलणं होत होतं!

*

आता मन्सूरभाईंचा हात मागे गेला की तार जोरात येते, पुढे गेला की सावकाश.

"वयनी, घरवाली पण एवढं सांभाळून घेत नाय!"

"सांगू तिला?"

"नको! डबा बंद होईल!"

*

पेणच्या खाडीकडचे एक आजोबा उघाडीचं दार करून घ्यायला आले. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाला असतं ते.

"मालक कधी येणार?"

"दाराचं विचारा आजोबा, ते सोमवारी देते."

*

शेडचं काम असलं तर हे फोन धरून ठेवतात. एरवी, "ड्युटीवर हाय, नंतर करतो."

फीडरच्या एका वायरीला चिमटा असतो. तो कामाच्या लोखंडाला लावल्याशिवाय तार हलत नाही. परवा मन्सूरभाई जेवायला गेल्यावर मी तो चिमटा काढून ठेवला आणि फोन लावला.

"अहो, फीडर बंद पडला."

"स्विच बघितलास?"

"बघितला."

"रीळ?"

"बघितलं."

"चिमटा?"

मी काढून ठेवलेल्या चिमट्याकडे बघत राहिले. तिकडे कुणीतरी यांना हाक मारली. "आया, आया," असं त्याला ओरडून सांगितलं, आणि मग मला हळूच म्हणाले, "मोठा बिघाड दिसतोय गो. तू असं कर, सकाळी उठल्यापासून काय काय केलंस, सगळं सांग."