तीन गल्ल्यांत एकही कामकरी बाई नाही

कॅम्प चारमधल्या तीन गल्ल्या मी दीड दिवसात उरकल्या. वादळ आलं असतं तरी त्याला दोन दिवस लागले असते. बदलापूरच्या एक प्राध्यापिका, अर्थशास्त्राच्या, घरोघरच्या रोजगाराचा अभ्यास करत होत्या आणि फॉर्म भरायला मी. प्रश्न छापलेलाच होता : काम करता का?

"नाही हो, घरीच असते," दारोदार हेच उत्तर. उत्तर देणारीच्या मांडीवर जीन्स, हातात धागे कापायचं कटर, आणि मागे कारखान्यातून आलेल्या पँटींचा असा ढीग की मलंगगडाने टाचा उंचावून बघावं. मी 'नाही'वर खूण केली. सख्ख्या वहिनीच्या नावापुढेसुद्धा.

सहा महिन्यांनी तिच्याकडे चहाला गेलो. चहा राहिला बाजूला.

"भावजी, पालिकेचं पाळणाघर बंद होतंय. अहवालात आलंय म्हणे, इथल्या बायका कामच करत नाहीत. कुठल्या शहाण्याने लिहिलं हे?"

मी पाणी मागितलं. तिची दोन वर्षांची पोरगी कटरवर झेपावत होती. वहिनीने तिसऱ्यांदा तिचा हात धरला आणि उरलेल्या हाताने धागा कापला.

मग मला बसवेना. त्याच गल्ल्यांतून पुन्हा फिरलो, पण विचारलं वेगळंच : काल उठल्यापासून काय काय केलं?

"पाणी भरलं, डबा केला, पँटी. स्वयंपाक, परत पँटी. आणि भाऊ, असलं विचारायचा तुम्हाला पगार मिळतो?"

उत्तरं घेऊन तसाच बदलापूरला गेलो. प्राध्यापिका बाईंनी सगळं वाचलं.

"तुम्हाला ढीग दिसला नाही?"

"दिसला. त्याच्यावर बसूनच फॉर्म भरले."

"प्रश्न माझा चुकला, डोळे तुमचे. पाळणाघराच्या सुनावणीला दोघांनी जायचं."

सुनावणीत पालिकेचे साहेब म्हणाले, "मॅडम, आधी बायका काम करत नव्हत्या, आता करतात. हा अहवाल आहे की हवामान?"

बाईंनी चूक सरळ कबूल केली. मग मला उभं केलं. एरवी मी बोलायला लागलो तर अंबरनाथपर्यंत माणसं पांगतात. तिथे एवढंच फुटलं : "त्या नाही म्हणाल्या. मी बघत असूनही लिहिलं नाही."

साहेबांनी पेन आपटलं. "पाळणाघर तूर्त चालू ठेवा. मोजणी पुन्हा करा."

"भावजींना एकटं पाठवू नका," मागून वहिनी ओरडली.

दुसऱ्या दिवशी पोरगीला पाळणाघरात सोडून ती माझ्याबरोबर निघाली. पहिल्याच घरात शेजारणीसमोर बैठक मारली आणि दिवसाची चौकशी सुरू केली. मी दारात उकिडवा, फॉर्म गुडघ्यावर.

"भराभरा लिहा," वहिनी म्हणाली, "तुमच्यापायी हिचे हात थांबलेत."