अलीशिबेचे पाय

तापीबाई आमच्या चर्चच्या मंडळीतल्या सर्वांत जुन्या सभासद, आणि प्रवचन देताना मला धाक असतो तो त्यांचाच. धानोऱ्याच्या आसपासच्या वस्त्यांवर त्यांनी चाळीस वर्षं सुईणपण केलं. अर्धी मंडळी त्यांनी नागडी पाहिलेली, त्यामुळे त्या कोणाला भीत नाहीत. पाळकाला, म्हणजे मला, तर नाहीच.

नाताळाआधीच्या रविवारी मी अलीशिबेची गोष्ट सांगत होतो. म्हातारपणी देवानं तिची कूस उजवली, आणि देवदूतावर विश्वास ठेवला नाही म्हणून तिचा नवरा जखऱ्या मूल होईपर्यंत मुका झाला. मी चांगला रंगात आलो होतो. तेवढ्यात पहिल्या रांगेतून तापीबाई म्हणाल्या, "म्हातारपणे पोऱ्या व्हस, ते मी देखेल शे. पन नवरा नऊ महिना गप? हाऊ खरा चमत्कार!"

बायका पदरात तोंड घालून हसल्या.

"अन् बायतपन कोनी करं? पुस्तकमा लिखेल शे का?"

अलीशिबेचं बाळंतपण कोणी केलं, ते पुस्तकात लिहिलेलं नाही. मी घाईनं गीत सुरू केलं.

सभा सुटल्यावर त्यांनी रुपाला दारातच गाठलं. रुपा आणि लोटनच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, मूल नव्हतं. रुपा जाड शालीत अंग चोरून चालली होती. "पाचवा महिना ना?" तापीबाईंनी विचारलं. रुपानं मान खाली घातली.

पुढच्या रविवारी लोटन साक्ष द्यायला उभा राहिला. पाळकसाहेबांच्या प्रार्थनेनं झालं, म्हणाला. खरं सांगतो, मला बरं वाटलं. माझ्याआधी एक भगत आणि सुरतचा एक डॉक्टर होऊन गेले होते. लोटननं ते सांगितलं नाही, मीही आठवण करून दिली नाही. मग साक्ष दर रविवारी वाढू लागली. तिसऱ्या वेळी साक्षीत आकाशातला उजेड आला, चौथ्या वेळी आवाज.

मार्चात अशीच साक्ष चालू असताना तापीबाई उठल्या. रुपाच्या सुजलेल्या पायावर त्यांनी अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरून येईना.

"तू उजेड सांगी ऱ्हायना लोटन, हिना पाय कोनी देखात का? गाडी काढ!"

शेजाऱ्याच्या जीपमधून आम्ही नंदुरबारच्या दवाखान्यात पोहोचलो. रक्तदाब फार वाढला होता. लगेच ऑपरेशन करायला हवं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सहीचा कागद हातात धरून लोटन माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, "आधी प्रार्थना करू या."

"परार्थना मंग करा," तापीबाई म्हणाल्या. "लोटन, पहिले सही कर."

लोटननं सही केली. नर्सनं तापीबाईंना ऑपरेशनच्या खोलीत जाऊ दिलं नाही. आयुष्यभर पोट चिरण्याला नावं ठेवणारी ही बाई बाहेर बाकावर बसली, दोन्ही हात मांडीवर उताणे टाकून. त्यांना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ओठ हलत होते.

मुलगी झाली, दोन किलोही नव्हती. दोघी वाचल्या. मी हळूच विचारलं, "बाई, देवाला काय म्हणत होता?"

"मी म्हनं, तुले येस का हाई काम? नही येत व्हई ते बाजूले व्हय, डाक्टरले करू दे."

चार दिवसांनी मी बायबल घेऊन दवाखान्यात भेटायला गेलो. तापीबाईंनी ते घेऊन रुपाच्या उशाशी ठेवलं आणि माझ्या हातात ओल्या दुपट्यांची बादली दिली. मी नळाखाली बसून ती धुतली. साबण नीट निघाला नाही म्हणून त्यांनी दोन परत पाठवली.