एकचा आकडा

मोताळ्याच्या बाजारातले शिंपीकाका चौथी शिकलेले. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची निवडणूक आली, की आम्हा पदवीधरांना दुकानात थांबवून ते कापडावर खडूने एकचा आकडा काढायला लावत.

"शिक्का नाही मारायचा, मास्तर. नावासमोर एकचा आकडा लिहाचा. मांगच्या खेपी तुमच्यासारख्या शिकेल लोकायचेच मतं बाद झाले!"

मी घरातला पहिला पदवीधर. मला ते लागे. पण त्यांची लेक याच मतदारसंघाच्या आमदारांच्या खामगावातल्या वसतिगृहात राहून शिकत होती. आमदार पडले तर वसतिगृह बंद होईल, असं सगळे म्हणत.

मतदानाला गेलो, तर माझा हात सवयीने शिक्काच शोधू लागला. मग ओशाळून आकडा लिहिला.

आमदार पुन्हा निवडून आले. मी धावत सांगायला गेलो. काकांनी मशीन थांबवलं.

"पोरगी मॅट्रिक होते आता," म्हणाले, आणि कापडावरचे खडूचे आकडे झटकून टाकले.