मधलं बटण, खाली तीनदा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला तर नाहीच नाही. तुमाला सांगतोय, कारण तुमी माझ्या दुकानात कधी येणार नाही, आणि आलात तरी मला ओळखणार नाही. कुठून सुरू करू तेच कळंना झालंय. आपली चूक सांगायला बसलं की आधी आपण कसे चांगले होतो तेच तोंडात येतं. तसं झालं तर समजून घ्या, मी अजून टाळतोय.

परभणीत माझं मोबाइलचं दुकान आहे. विक्री आणि दुरुस्ती, दोन्ही. साडू, मेव्हणे, पोरीच्या शाळेतले सर — कुणाला फोन घ्यायचा असला की आधी माझ्याकडं येणार. कोणता घेऊ, कॅमेरा कसाय, बॅटरी टिकंल का? आणि मी सांगतो, ठासून सांगतो. कॅमेऱ्याच्या आकड्यावर जाऊ नका. जाहिरातीवर तर बिलकूल जाऊ नका. दोन वर्षांत जुना वाटावा असाच फोन बनवतात हे लोक, हे माझं पक्कं मत. मतं लय आहेत मला, आणि जिभेला लगाम नाही. म्हातारं माणूस आलं, हे दिसंना, ते कुठं गेलं कळंना, असं म्हणालं, की फोन हातात घ्यायच्या आधीच मी म्हणायचो — तुमीच कायतरी दाबलं असंल. बऱ्याचदा ते खरंही निघायचं. माणूस खजील होऊन हसायचं. मग मी दोन बोटं फिरवून ठीक करून द्यायचो, आणि त्याला वाटायचं, काय हुन्नर आहे गड्यात.

ते वाक्य ध्यानात ठेवा. मी त्याच्याच भोवती फिरायलोय.

माझी आई पालमला राहायची. आप्पांचं — वडिलांचं — तिथं कापडाचं दुकान होतं. आईला लिहायवाचायला येत नव्हतं. आप्पांना ऑपरेशनला नांदेडला न्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी एक काम केलं, जे मला, फोनवर पोट भरणाऱ्याला, कधी सुचलं नसतं. आईच्या बटणाच्या फोनमध्ये, आतल्या मेमरी कार्डावर, त्यांनी स्वतःच्या आवाजात सगळं बोलून ठेवलं. नळाला पाणी आलं की आधी कोणती तोटी बंद करायची, मग मोटर. घराचे कागद लोखंडी पेटीत, निळ्या पिशवीत. विभूती संपली तर मठात कुणाला सांगायचं. गॅसचा पाना कुठल्या खिळ्याला टांगलाय. असलंच सगळं. आणि प्रत्येकाच्या शेवटी, जरा थांबून — "ध्यानात ऱ्हाईल का? बरं. आता जेवून घे."

आईला अक्षर कळत नव्हतं, म्हणून त्यांनी तिच्या बोटाला शिकवलं. मधलं बटण, खाली तीनदा, परत मधलं. एवढं केलं की आप्पा बोलायचे.

आप्पा नांदेडहून परत आले नाहीत.

तोटी आणि मोटर आईला महिनाभरात पाठ झाली. तरी ती ऐकायची. सकाळी आंघोळ झाली, इष्टलिंगाची पूजा झाली की ओट्यापाशी पाट टाकून बसायची आणि फोन कानाला लावायची. 'जेवून घे' झालं की उठून ताट वाढून घ्यायची. मी एकदा गेलो होतो तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. मनात म्हटलं, हे दुकानातल्या कॉम्प्युटरवर घेऊन ठेवायला पाहिजे. दोन मिनिटांचं काम, तेही माझ्याच धंद्यातलं. घेतलं का? नाही घेतलं. पण मला माहीत होतं. फोनमध्ये काय आहे ते मला माहीत होतं — हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढं लपायला जागा उरणार नाही.

पुढं झालं काय, एका लग्नात एका पाहुण्यानं आईच्या हातातला फोन पाहिला आणि चार माणसांत मला म्हणाला, मोबाइलवाल्याच्या आईजवळ असला डबडा का हो? सगळे हसले. मी पण हसलो. आतून जळालो. पाडव्याला मी मोठ्या पडद्याचा नवा फोन घेऊन पालमला गेलो.

आई म्हणाली, "मला हेच बरंय लेकरा. ह्याच्यात बोटाला कळतंय कुठं काय हाय ते. ती नुसती काचच हाय."

केवढं शहाणपणाचं बोलली ती. एवढी वर्षं फोन विकतोय, काचेवर आंधळ्या बोटाला काहीच सापडत नाही हे मला कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. आणि मी काय म्हणालो? चार दिवसांत हात बसंल, म्हणालो. सिम काढून नव्यात टाकलं. दोन फोन असले की गोंधळ होईल, म्हणून जुना खिशात घातला आणि दुपारच्या एसटीनं परभणीला आलो.

माझ्या काउंटरवर बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा असतो, मेमरी कार्डांचा. खेड्यातली माणसं अजून कार्ड भरून घेतात — गाणी, कीर्तनं, पिक्चर. कार्ड लावायचं, पुसायचं, भरून द्यायचं. माझा हात त्यात इतका मुरलाय की डोकं लागत नाही. जुना फोन आला की उघडायचा, कार्ड डब्यात, फोन मोडीत. आईचा फोन मी तसाच उघडला. कुणीतरी समोर काहीतरी विचारत होतं, त्याला उत्तर देत देत उघडला. कार्ड डब्यात पडलं.

दुसऱ्या दिवशी येलदरीकडचा एक ट्रॅक्टरवाला आला. वरातीसाठी गाणी पाहिजे होती, कार्डाच्या तोंडापर्यंत. मी डब्यातलं वरचं कार्ड उचललं. सगळं पुसायचं का, असं कॉम्प्युटर विचारतो. दर वेळी विचारतो. मी ते कधी वाचत नाही, नुसतं हो करतो. आईला वाचता येत नव्हतं. मला येत होतं.

तिसऱ्या दिवशी फोन आला. शेजारच्या शकुंतलामावशीच्या फोनवरून आई बोलत होती. मावशीच्या पोरीनं लय धुंडलं म्हणे, पण नव्या फोनमध्ये आप्पा कुठं सापडंनात. मी एका गिऱ्हाइकाच्या फोनला काच चिकटवत होतो. काच वाकडी बसली. मला त्याच क्षणी कळलं. डबा, कार्ड, ट्रॅक्टर — सगळं एका रांगेत डोळ्यांपुढून गेलं.

तेव्हाही करता आलं असतं काही. ट्रॅक्टरवाल्याचा नंबर त्याच्या गाण्यांच्या यादीच्या चिठ्ठीवर होता. कार्ड परत आणून पुसलेलं वर काढायचा प्रयत्न करता आला असता. इतकं ठासून भरलेल्या कार्डातून निघणं अवघड होतं, पण एखादा तुकडा निघालाही असता — कुणी सांगावं? लोकांची लग्नाची शूटिंगं मी तशी काढून दिलीत. पण त्याला काय सांगून कार्ड मागू? की मी माझ्या बापाचा आवाज पुसून त्यावर तुझी गाणी भरली? माझी इज्जत आडवी आली. बाकी काही नाही. मी चिठ्ठी उचलली सुद्धा नाही. आणि तोंडातून, रोजच्या सवयीनं, रोजच्याच आवाजात निघालं — "मी सगळं नव्या फोनमध्ये टाकून दिलं होतं आई. तूच कायतरी दाबलं असशील."

आई म्हणाली, "दाबलं असंल बाबा. माझ्या हाताला अक्कल न्हाई."

इथं थांबलो असतो तर निदान म्हणता आलं असतं की घाबरून बोलून गेलो. पण थांबलो नाही. पुढच्या रविवारी मी पालमला गेलो. मावशी, मावशीची पोरगी, आई, सगळ्यांच्या देखत अर्धा तास तो फोन चाळत बसलो. काही नाही हे माहीत असताना चाळत बसलो. शेवटी मान हलवली. गेलं, म्हणालो, पुसलं गेलंय. आणि वर आईला बोललो — जपून हात लावत जा म्हणून किती वेळा सांगितलं तुला? ती खाली बघत होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळायली होती.

त्यानंतर आईनं फोनला हात लावला नाही. स्टुलावर, चार्जरला लावून, वर हातरुमाल झाकून ठेवायची. वाजला की मावशीच्या पोरीला हाक मारायची. गल्लीत कुणी विचारलं तर सांगायची, आप्पा माझ्या हातून गेले. आवाज गेला असं म्हणायची नाही. आप्पा गेले म्हणायची. सकाळचं जेवण कधी दुपारी, कधी नाहीच. हे मला मावशीनं सांगितलं. मी म्हटलं, वय झालं आता.

कधी कधी मी कंपन्यांना शिव्या घालतो. दुकानात बसून, गिऱ्हाइकांपुढं, लय रंगात येऊन. म्हाताऱ्या माणसाचा विचार कुणी करत नाही, सगळं काचेवर आणून ठेवलं, आज इथं दिसतं ते उद्या तिथं. लोक माना डोलावतात. सगळं खरंच आहे ते. पण माझ्या आईच्या हातातला फोन कुठल्या कंपनीनं येऊन काढून घेतला होता? माझं तोंड कुठली कंपनी चालवत होती?

पुढच्या श्रावणात आई न्हाणीत पाय घसरून पडली. सकाळची वेळ. शकुंतलामावशी आणि पोरगी गावाला गेलेल्या. आई सरकत सरकत खोलीपर्यंत आली, स्टुलापाशी. मी त्या दिवशी दोनदा फोन लावला होता — एकदा अकराला, एकदा जेवायच्या टायमाला. काही खास काम नव्हतं, सोमवारचा उपास कसा चाललाय ते विचारायचं होतं. उचलला नाही म्हणून देवळात गेली असंल असं धरून चाललो. मावशी परत आली तेव्हा चार वाजून गेले होते.

खुबा मोडला होता. परभणीच्या दवाखान्यात मी तिला विचारलं, हाताशी फोन होता, त्या दिवशी तरी उचलला का नाहीस? मला वाटलं वेदनेमुळं म्हणंल. ती म्हणाली, "वाजत होता रे. पण म्हटलं हात लावावा आन् आजून कायतरी जायचं. तुझ्या पोरीचे फोटू हायत म्हणं त्याच्यात."

सात-आठ तास. फोन वाजत होता आणि ती त्याच्याकडं बघत पडली होती.

तेव्हा सांगायचं होतं ना? नाही सांगितलं. तिथून सहा महिने ती माझ्या घरी खाटेवर होती. सकाळी मी तिला भरवायचो, मग दुकानात जायचो. रोज सकाळ होती माझ्याजवळ. एकदा घास हातात असताना तिनं विचारलं — मी पुसलं म्हणून आप्पाला वाईट वाटलं असंल का रे? काय सांगायला पाहिजे होतं ते तुमाला कळतंय, मलाही कळत होतं. मी म्हणालो, "जाऊ दे आई. कुणाच्याबी हातून होतं असं. मनाला लावून घेऊ नको."

म्हणजे मी तिला माफ केलं. ऐकताय ना तुमी? मी तिला माफ केलं. आणि तिनं बरं वाटल्यासारखी मान हलवली आणि घास घेतला.

माघात ती गेली. शेवटच्या आठवड्यात बोलणं बंद झालं होतं. डोळे मिटून पडलेली असायची. पण सकाळी, तिच्या पूजेच्या वेळेला, उजव्या हाताचा अंगठा गोधडीवर हलायचा. बायको म्हणाली, हाताला कंप सुटलाय. मी म्हणालो, हो, कंपच असंल.

मी जवळ बसून बघत होतो. मधे एकदा. खाली तीनदा. परत मधे. मग अंगठा थांबायचा, आणि ती ऐकल्यासारखी पडून राहायची. थोड्या वेळानं परत तेच. आठवडाभर मी बघितलं, एकदाही चुकली नाही.

तिनं कधीच काही चुकीचं दाबलं नव्हतं. पुसलं मी होतं.